जिन्यातली पाचवी पायरी

पनवेल, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय शकू,

आज सकाळी टाकी भरली, चार कपडे धुऊन गच्चीत घातले, भात जरा जास्त झाला. बाकी दिवस वाय-फायमध्ये गेला. तुला दाजींचा आशीर्वाद. तिकडे करंजाला सगळे बरे असतील आणि अंगणात बोंबील वाळत असतील असं धरून चालतो. माझी तब्येत ठीक. (रक्तदाब मोजायचं यंत्र सापडत नाही, म्हणजे ठीकच.)

तुला आठवत असेल, साडेसातला तुझ्याशी व्हिडिओवर बोलत प्रमिला वरचे कपडे आणायला निघाली की पाचव्या पायरीवर तुझा चेहरा थिजायचा. वाय-फायचा एक डबा खाली, एक माडीवर. पण तिचा फोन वर पोचला तरी खालच्यालाच धरून बसायचा. "तुमी टेलिफोन खात्यान व्हते ना, दाजी? मंग यो डबा तुमचा आयकत का नाय?" असं तू विचारायचीस, आणि तुझी ताई मग चौथ्या पायरीवर बसूनच बोलायची. मी दोन वर्षं 'बघतो' म्हणत राहिलो.

गेल्या आठवड्यात बघितलं. सिग्नल ठरावीक आकड्याखाली गेला की डब्याने फोनला सोडून द्यावं, म्हणजे तो आपसूक दुसरा डबा शोधतो, अशी सोय असते. मी आकडा फार कडक ठेवला. (खात्यात मी कधीच कडक नव्हतो, त्याची भरपाई असावी.) देवघरापर्यंत गेलं तरी डबा फोनला हाकलायचा, फ्रिजला टेकून उभं राहिलं तरच थारा. मग दुसरी सोय दिसली. घरातली यंत्रं सारखी सगळ्यांना हाका मारतात, 'अमका कुठे, तमका कुठे', आणि त्या गलक्यात कामाचं बोलणं अडतं. मी हाका सरसकट बंद केल्या. फोनला टीव्ही दिसेना, समोरचा प्रिंटर सापडेना. शेजारच्या दिपिकावहिनी काहीतरी छापायला आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, दुरुस्ती चाललीय की यंत्रांनाही सुतक?" आणि लगेच जीभ चावली. मला मात्र हसू आलं, बऱ्याच महिन्यांनी.

शेवटी आकडा सैल केला, फालतू हाका तेवढ्या अडवल्या. आज दुपारी प्रमिलाचा फोन घेऊन जिना चढलो. कुठला फोन कुठल्या डब्यावर आहे याची यादी माझ्या फोनवर दिसते; पाचव्या पायरीवर त्या यादीतलं तिचं नाव खालच्या डब्यातून वरच्या डब्यात गेलं. मी थोडा वेळ तिथेच बसलो.

तुझा,
दाजी

ता. क. चालू कॉलवर तपासल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणता येत नाही.

ता. क. २. तिच्या तेराव्याला मी तुला म्हणालो, रोज फोन करायची गरज नाही. तू ऐकलंस. तेही मी सरसकटच बंद केलं होतं. साडेसातला तिच्याच नंबरवर करत जा. मी जिना चढून दाखवीन. हे तोंडाने सांगणं जमेना, म्हणून पत्र. ते पोचायला दोन-तीन दिवस जातील. तोवर तिचा फोन चार्जिंगला लावून ठेवतो, आणि गच्चीतले कपडे घेऊन येतो.