आलेखवहीतला पास

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या दाराच्या दोन पायऱ्या उतरताना भिंतीला धरतेस, की अजून "मला काय धाड भरलीय" म्हणत तशीच उतरतेस? मी आणि तुझी भावजय देवाच्या कृपेने ठीक आहोत. ती घरी आहे आणि मी दादाकडे, म्हणून दोघेही जरा जास्तच ठीक आहोत (हे वाक्य तिला वाचून दाखवू नकोस).

चांगलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव वरखाली व्हायचा नाही. दादाचं ऑपरेशन नीट पार पडलं. हृदयातली झडप बदलली. काल तो खाटेवरून उठून खिडकीपर्यंत चार पावलं चालला आणि काच पुसलेली नाही म्हणून परिचारिकेला बोलला. म्हणजे ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आलेला माणूस आपला दादाच आहे, अदलाबदल झालेली नाही. त्या दिवशी फोनवर मी तुला "झालं, बरा आहे" एवढंच सांगितलं आणि तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. ("बरं" म्हणण्याआधी थोडा वेळ गेला तो माझ्या लक्षात आला, पण त्याविषयी काही लिहीत नाही.)

आता मी इथवर कसा पोचलो ते ऐक. वहिनीचा फोन आला तो मंगळवारी. डॉक्टरांनी गुरुवारी सकाळची वेळ दिली होती आणि दादा संमतीच्या कागदावर सही करायला तयार नव्हता. "पुठ्ठ्या आल्याशिवाय मी सही करणार नाही," म्हणून आडवा पडून राहिला होता. (पन्नाशीला आलेल्या माणसाला भर इस्पितळात पुठ्ठ्या म्हणतात, ताई. पुस्तकं बांधून पोट भरतो हा काय गुन्हा आहे?) डॉक्टर शुक्रवारपासून परगावी जाणार होते. गुरुवार चुकला तर पुढची वेळ पंधरा दिवसांनी, आणि झडप तितके दिवस दम धरेल की नाही हे सांगायला कोणी तयार नव्हतं. रेल्वेने दीड दिवस लागतो. म्हणजे बुधवारच्या दुपारचं विमान, नाहीतर काही नाही.

तुझ्या भाचीने तिच्या गावाहून दहा मिनिटांत तिकीट काढलं आणि म्हणाली, "बाबा, पास तुमच्या फोनवर आलाय." मी म्हटलं, ठीक आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणतो. तर म्हणे ते चालत नाही. या कंपनीने पहिल्या तारखेपासून कागद बंद केलेत. पास फोनमध्येच असतो आणि फोनच दाखवायचा. ताई, मी तीस वर्षं कागद शिवतोय. वाळवीने खाल्लेली जमिनीची दफ्तरं मी पुन्हा उभी केली आहेत. कागद भिजतो, फाटतो, पिवळा पडतो, पण असतो. समोर असतो. काचेच्या आत उजेडाने काढलेला चौकोन बोट लागलं की जातो, आणि कुठे जातो ते कोणी सांगत नाही. भाची म्हणाली, "बाबा, तो कुठेही जात नाही, आतच असतो." मी देवावर विश्वास ठेवतो तो न बघता. पण दोन-दोन गोष्टींवर न बघता विश्वास ठेवायचा म्हणजे जरा जास्त होतं.

तर मंगळवारी दुपारी मी त्या चौकोनाकडे बघत बसलो होतो. आत काळे-पांढरे बारीक ठिपके, मुंग्यांनी शाळा भरवल्यासारखे. बघता बघता मला तू आठवलीस. आपल्या शाळेत गुरुजींनी देशाचा नकाशा काढून आणायला सांगितला होता आणि मी रडत बसलो होतो. तू पुस्तकातल्या नकाशावर शिसपेन्सिलीने चौकटी आखल्यास, वहीत तेवढ्याच आखल्यास आणि म्हणालीस, "अख्खा देश बघू नकोस, भितोस तू. एकेक चौकट बघ." मी उठलो, कपाटातून आलेखवही काढली, टोकदार लेखणी आणि काळी शाई घेतली आणि पास उतरवायला बसलो. फोन बंद पडला तर हाताशी काही असावं, एवढंच मनात होतं.

तुझी भावजय भाजी निवडत होती. तिने डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हे काय नवीन?" मी सांगितलं. मला वाटलं आता तोंडसुख घेईल. तिने भाजी बाजूला ठेवली, चष्मा चढवला आणि म्हणाली, "असं एकट्याने व्हायचं नाही. मी वाचते, तुम्ही भरा." ती उशांच्या अभ्र्यांवर मोजून टाके घालते ना, त्या नक्षीची पुस्तकं वाचून तिची नजर पक्की झाली आहे. तिने फोनवर तो चौकोन बोटांनी ताणून मोठा केला, खाली पट्टी धरली आणि वाचू लागली. "तीन काळे, एक पांढरा, दोन काळे, पांढरा, पांढरा, काळा." मी भरत गेलो. ताई, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तिने सांगावं आणि मी न बोलता ऐकावं असं सलग चार तास पहिल्यांदाच घडलं. मन अगदी शांत झालं होतं. जपाला बसल्यावर होतं तसं.

भांडण झालं ते एकोणिसाव्या ओळीत. सातवा चौकोन ती म्हणाली काळा, मला दिसला पांढरा. ती म्हणाली, "चष्मा पुसा." मी म्हटलं, "पट्टी सरकलीय." शेवटी ती म्हणाली, "तुमचा भाऊ, तुमचा पास, तुम्हाला हवं ते करा." याचा अर्थ काय असतो ते मला माहीत आहे, म्हणून काळा भरला. वर धंद्याची सवय म्हणून मी त्या कागदाला मागून पुठ्ठा लावला आणि पुढून पारदर्शक कागद चढवला. तिने तेव्हाही सांगितलं होतं, "तो चकचकीत कागद नका लावू." पण बांधणीतलं मला कळतं की तिला?

बुधवारी दोन तास बसने विमानतळाकडे निघालो. आता माझा मूर्खपणा ऐक, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं. पास फोनच्या आत राहतो असं भाचीने सांगितलं होतं तरी माझं मन मानेना. एकदा पडदा काळा झाला आणि पास परत आलाच नाही तर? म्हणून मी पूर्ण दोन तास, दर अर्ध्या मिनिटाला, काचेला बोट लावून तो जागा ठेवला. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, "कोणाचा फोन यायचाय का?" मी म्हटलं, "नाही, आलेला जाऊ नये म्हणून." ती पुढच्या थांब्यावर दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

विमानतळाच्या दारात फोन दाखवला, आत गेलो. तपासणीत दाखवला, पुढे गेलो. प्रत्येक ठिकाणी तो चौकोन दिसला की जीव भांड्यात पडायचा. शेवटच्या फाटकासमोर रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे दोन माणसं होती तेव्हा फोनने एकदा अंग थरथरवलं आणि डोळे मिटले. मी बोट लावलं, कळ दाबली, हलवलं, हळूच थोपटलं सुद्धा. दोन तास निजू दिलं नव्हतं, तो कशाला उठतोय.

फाटकावर गणवेशातली एक मुलगी होती, तुझ्या भाचीच्या वयाची. म्हणाली, "काका, पास?" मी म्हटलं, "फोन मेला." ती म्हणाली, "मग मदत-खिडकीवर जा. मागे, तपासणीच्या पलीकडे." मी विचारलं, "किती वेळ आहे?" तिने घड्याळ पाहिलं. "बारा मिनिटांत फाटक बंद होतं." तपासणीची रांग मी पाहिली होती, ताई. त्या रांगेत बारा मिनिटांत बूटसुद्धा निघत नाहीत. मला फक्त दादा दिसत होता, सही न करता पडलेला. मी पिशवीतून पुठ्ठा काढला आणि तिच्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

"पास."

"हाताने काढलाय?"

"मी काढलाय. हिने वाचलाय."

मागून एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "उद्या विमानही घरूनच काढून आणतील." माझे कान तापले. पण त्यांच्या मागे एक म्हातारी होती, तिने त्यांना कोपराने ढोसलं. "अगं पोरी, लावून तर बघ! यंत्र काही चावत नाही." मुलीने खांदे उडवले आणि पुठ्ठा यंत्राच्या काचेवर धरला. लाल दिवा. पुन्हा धरला. लाल दिवा आणि वर एक घोगरा आवाज, घशात काही अडकल्यासारखा. मला एकोणिसावी ओळ दिसायला लागली. सातवा चौकोन. मनात देवाचं नाव घेतलं आणि देवाला सांगितलं की आयुष्यभर हिचं ऐकेन. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "त्यावरचा कागद चमकतोय. काढा तो."

तीस वर्षांत मी स्वतःची बांधणी फाडलेली नाही. त्या दिवशी फाडली. नख घालून तो पारदर्शक कागद सोलला, एका कोपऱ्याला थोडी शाई उखडली, आणि मुलीने तिसऱ्यांदा धरला.

हिरवा दिवा. आवाजही असा गोड, देवळातली लहान घंटा एकदाच वाजावी तसा. तिच्या पडद्यावर माझं नाव आणि बाविसावी रांग, खिडकीची जागा. मुलगी पडद्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग ओळखपत्राकडे, मग तिने साहेबांना हाक मारली. साहेब आले, पुठ्ठा उलटा करून मागची चिकटवणी पाहिली (चांगली होती) आणि म्हणाले, "यंत्र हो म्हणतंय, नाव जुळतंय, मग मी कोण अडवणार? जा काका." मी गेलो. मागे जाडजूड गृहस्थांचा फोन उघडत नव्हता असं ऐकू आलं, पण मी वळून पाहिलं नाही. (एकदाच पाहिलं.)

विमानात बसलो आणि मला रडू आलं. बाहेर ढग होते, पण मी पुठ्ठ्याकडेच बघत होतो. एकेक चौकट बघ, असं तू म्हणाली होतीस.

इस्पितळात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मागे कोणी नव्हतं. त्याने कागद मागितला आणि सही केली.

तर ताई, सगळं सुखरूप झालं. माझं म्हणशील तर विमान आणि फोन या दोन्हींना मी आता हात जोडले. परत रेल्वेने जाणार. तू तब्येत सांभाळ, पायऱ्यांवर भिंत धर.

तुझा धाकटा,
पुठ्ठ्या

ता. क. भाचीला सगळी हकीकत सांगितली तेव्हा ती इतकी हसली की तिच्याकडे उचकी लागल्याचं मला इकडे ऐकू आलं. म्हणाली, "बाबा, दोन तास आधी पोचला होतात ना? तेव्हाच मदत-खिडकीवर मागितला असता तर त्यांनी कागद दिला असता, तिथे ठेवतात ते." शिवाय असंही म्हणाली की त्या चौकोनात काही चुका झाल्या तरी यंत्र त्या पोटात घालतं, तशीच त्याची रचना असते. म्हणजे एकोणिसाव्या ओळीत कोण बरोबर होतं ते आता कधीच कळणार नाही. तुझ्या भावजयीला यातलं पहिलं सांगितलं आहे, दुसरं नाही.

ता. क. २. सहा वर्षांपूर्वी दादाच्या मुलाच्या लग्नाचं बोलावणं सगळ्यांच्या फोनवर गेलं, आणि तुझ्याकडे तसा फोन नव्हता. दादाला वाटलं मी तुला सांगितलं, मला वाटलं त्याने सांगितलं. तू म्हणालीस, "कागद आला नाही, म्हणजे बोलावणं नाही," आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलली नाहीस. कागदाच्या धंद्यातला माणूस घरात असून तुला एक कागद गेला नाही, यात जास्त चूक कोणाची ते मला माहीत आहे.

ता. क. ३. सोबत घडी न केलेला एक कागद आहे. टाक्यांची नक्षी समजून भावजयीला पाठवू नकोस. तुझा पास आहे. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेचा, दुपारच्या विमानाचा. भाचीने तिकीट काढलं आणि जागा ठरवली. ही कंपनी जागा ठरवली की पास आधीच देते. मागितलास तर तुला तिथेही छापून देतील, पण तो घरातून यावा असं आम्हाला वाटलं. या वेळी वर चकचकीत कागद लावलेला नाही.

ता. क. ४. इथे वाचायला तुझी भावजय नव्हती. ओळी दादाने वाचल्या, उशीला टेकून, दिवसाला दहा, कारण डॉक्टर तेवढंच बोलू देतात. पाच दिवस लागले. खालच्या कोपऱ्यातलं वाकडं अक्षर त्याचं आहे. मी म्हटलं, दोन ओळी तरी लिही. तो म्हणाला, "ती आली की बोलेन." म्हणून एवढंच लिहिलं आहे: "ताई, यातली चूक माझी. ये."