तुझ्या सालात माझी खोली

आय्यारू महिना, बारावा दिवस, सूर्य उगवून एक प्रहर झालेला, साल शुल्मू-अदादचं. (म्हणजे तुझंच. तुझ्याविरुद्धच्या तक्रारीवर तारीखही तुझ्याच नावाची घालावी लागते!) त्या वेळी माझ्यावर अन्याय झाला.

चिरंजीव शुल्मू-अदाद, काल्हूचे सुभेदार, यांस अर्बाईल-शर्रत आत्याचे आशीर्वाद. नबूदेव तुला आयुष्य देवो, थोडी अक्कलही देवो. गुडघा कसा आहे? माझे दोन्ही दुखतात.

तर मी मसूर निवडत बसले होते, तेवढ्यात तुझा कारकून शम्शिया चार हमाल घेऊन दारात. "आत्याबाई, खोली सोडा. महाराजांनी साहेबांना शहामृगांची जोडी बक्षीस दिलीय, ठेवायची कुठे?" मी म्हटलं, "साहेबांच्या शेजघरात ठेव. पिसांची हौस आहेच त्यांना." हमाल हसले. शम्शिया वीस दिवसांची मुदत देऊन गेला. अरे, राणीसाहेबांच्या महालाची एकतीस वर्षं कारभारीण होते मी. ही खोली त्या चाकरीची आहे, तुझ्या मेहेरबानीची नव्हे. इश्तारदेवीच्या देवळात पुजारणींच्या छडीखाली जे लिहायला शिकले, तेच तुला शिकवलं (तू ओल्या मातीच्या पाट्या चाटायचास, हे दरबारात कुणाला ठाऊक नसावं). माझ्या शब्दावर दारवानांचा नायब झालास, मग कोठारावर गेलास, मग सुभ्यावर, आणि यंदा महाराजांनी सालालाच तुझं नाव दिलं.

पण सालांच्या यादीत प्रत्येक नावापुढे एकच ओळ असते, त्या साली काय घडलं त्याची. कुणापुढे 'मोहीम', कुणापुढे 'महामारी'. ती यादी लिहिणाराही माझाच विद्यार्थी. तुझ्या नावापुढची जागा अजून कोरी आहे, आणि 'शुल्मू-अदादच्या साली आत्या रस्त्यावर' ही ओळ त्याला फार आवडली. तुम्हा बिनमुलाबाळांच्या दरबाऱ्यांचं मागे उरतं ते एवढंच, हे तुला मी सांगायला नको.

अमावास्येच्या आत लेखी उत्तर हवं, तुझ्या शिक्क्यानिशी. तोंडी निरोप चालणार नाही.

ता. क. काल तुझ्या तबेल्यात जाऊन पक्षी पाहिले. मादी फार हडकली आहे. तिला जव भिजवून घाला, कोरडे नकोत. नाहीतर पाठव दोघांना माझ्या अंगणात, मी बघेन. खोलीत मात्र पाऊल टाकायचं नाही.

ता. क. उत्तर कारकुनाकडून नको, स्वतःच्या हातानं लिही. वर ठळक 'आत्यास' आणि खाली पूर्ण तारीख, सालासकट. शेजारच्या कुब्बुतूला खरंच वाटत नाही की यंदाचं साल आमच्या घरातलं आहे.