सिस्टरच्या फाइलीचं काय झालं

प्रिय सिस्टर,

आधी सांगून टाकतो की घर ठीक आहे, गॅस बंद आहे, नळ बंद आहेत आणि मी दोन्ही वेळा जेवतो आहे. हे आधी सांगितलं नाही तर तू अर्ध्यातच फोन उचलशील, आणि मला आज फोन नको आहे. पत्र शेवटपर्यंत वाच. सोबत जाड गठ्ठा आहे आणि एक बंद पाकीट आहे. गठ्ठा कधीही बघ, पाकीट मात्र पत्र संपल्यावरच उघड. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. सातवीनंतर पेन हातात घेतलं ते फक्त पगाराच्या सहीसाठी, त्यामुळे जिथे लागणार नाही तिथे अंदाजाने वाच.

आपल्या धाकटीच्या बाळंतपणाला तू गेलीस त्याला आता चार महिने होतील. निघताना तुला घराची काळजी नव्हती, कॉम्प्युटरची होती. प्रसूती वॉर्डातल्या एकतीस वर्षांचं तुझं पुस्तक त्यात होतं, नव्या नर्सेससाठी लिहिलेलं, अकरा वर्षं रोज थोडं थोडं करून टाइप केलेलं. इथल्या नर्सिंग स्कूलच्या मोठ्या बाई ते तू परत आल्यावर छपाईला देणार होत्या. तू मला कागदावर लिहून दिलंस की फाइलीला हात लावू नका, आणि अगदी राहवलं नाही तर उघडून झाल्यावर पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. मला राहवलं नाही. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी फाइल उघडून बघायचो, आहे ना म्हणून. पहिलं पान, शेवटचं पान, मग बंद, मग कॉपी. चुलीवरच्या भांड्यावरचं झाकण उचलून बघावं तसं. त्याने काही बिघडत नव्हतं, पण त्याशिवाय चहा घशाखाली उतरत नव्हता.

मागच्या महिन्याच्या चार तारखेला काय झालं ते आता सांगतो. फाइल उघडली होती. बाहीचं बटण की कोपर, काहीतरी कुठल्यातरी कळीवर पडलं आणि मशीनने विचारलं की बदल जतन करायचे का. जतन म्हणजे चांगलंच, म्हणून मी हो म्हटलं. ते गोल गोल फिरायला लागलं आणि तेवढ्यात मला जळका वास आला. सिस्टर, मी चौतीस वर्षं दोऱ्याच्या कारखान्यात वायरमन होतो. कापसाच्या धुळीत जळका वास आला तर माणूस विचार करत नाही, आधी मेन स्विच पाडतो. साहेबसुद्धा मला हसायचे, पण चौतीस वर्षांत माझ्या खात्यात एकदाही आग लागली नाही. मी उठलो, दाराशी धावलो आणि मेन पाडला. घर अंधारलं, पंखा थांबला, तो कॉम्प्युटर एक उसासा टाकून गप्प झाला. मग स्वयंपाकघरात गेलो तर दूध उतू जाऊन करपलं होतं.

वीज पुन्हा चालू करून फाइल उघडली तेव्हा त्यात तुझं एक अक्षर नव्हतं. चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे आकडे, मध्येच एखादं इंग्रजी अक्षर डोक्यावर दोन टिंबं घेऊन उभं. दोनशे बारा पानांची आठशे पानं झाली होती आणि एकाही पानावर तू नव्हतीस. मी बंद केली, पुन्हा उघडली. दर वेळी ते विचारायचं जतन करायचे का, आणि दर वेळी मी घाबरून हो म्हणायचो. असं अकरा वेळा केलं. आणि मग तू सांगितलेला नियम पाळला. पेन ड्राइव्ह लावला आणि कॉपी केली. जुन्यावर ठेवू का असं विचारलं, तेव्हाही हो म्हटलं. म्हणजे जी एक चांगली प्रत घरात उरली होती, तीही मीच माझ्या हाताने बुजवली. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा तू विचारलंस, आवाज का असा, तर मी सर्दी सांगितली. ती सर्दी एकोणीस दिवस चालली.

आता मला टायपिंगवाल्या बाईंबद्दल लिहायचं आहे. किल्लीवाला आणि इस्त्रीवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांचं दुकान आहे, तू तिथे कधी गेली नसशील. पन्नाशीच्या असतील. चष्मा डोक्यावर, दुसरा चष्मा गळ्यात, आणि शोधत असतात तिसराच. मी कॉम्प्युटरचा डबा हातगाडीवर घालून नेला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की काका, किती वेळा जतन केलंत. अकरा म्हटल्यावर त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, आता बाराव्यांदा त्याला हात लावलात तर मी तुमचे हात दोऱ्याने बांधून ठेवीन, तुमच्याच कारखान्याच्या. मला त्या क्षणी तुझी आठवण झाली. तूही घाबरलेल्या नवऱ्यांना असंच दटावून बाकावर बसवायचीस.

त्यांचं काम बघण्यासारखं आहे. पहिल्यांदा त्यांनी मोडक्या फाइलीच्या तीन प्रती केल्या आणि मूळ फाइल बाजूला ठेवून दिली. चुकायचं ते प्रतीवर चुकायचं, असं म्हणाल्या. मग नेहमीच्या रस्त्याने न उघडता अशा एका प्रोग्रामने उघडली जो मांडणी, ठळक, तिरकं काही बघत नाही, नुसती अक्षरं तेवढी वेचून घेतो. खडे निवडावेत तसा कचरा बाजूला पडला आणि इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या ओळी उरल्या, ज्यांचा काही अर्थ लागत नव्हता. माझा धीर पुन्हा सुटला. त्या मात्र खुर्चीत सरळ बसल्या. म्हणाल्या, काका, हा कचरा नाही, ही तुमच्या बाईंची मराठीच आहे, फक्त साचा हरवलाय. तू ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचीस तो त्यांच्या मशीनवर नव्हता. फॉन्ट म्हणजे अक्षरांचा साचा, हे मी आता कोणालाही समजावून देऊ शकतो. आपल्या डब्यातून त्यांनी तो काढला, त्या ओळींवर घातला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या खुणांची अक्षरं झाली. पहिली ओळ मी मोठ्याने वाचली. तू लिहिलं होतंस, ‘आपले हात आधी गरम करावेत, मगच पेशंटला लावावेत.’ बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या इस्त्रीवाल्याला चहा आणायला सांगितलं.

पण तुकडे उलटसुलट आले होते. पान चाळीसचा अर्धा परिच्छेद, त्याला चिकटून पान दीडशेचा, मग एकच गोष्ट दोनदा. बाईंनी सगळं छापून दिलं आणि म्हणाल्या, माझं काम अक्षरांचं, कशानंतर काय येतं ते घरच्या माणसाला ठाऊक. मला काय ठाऊक असणार. तू रोज संध्याकाळी वाचून दाखवायचीस खरं, पण माझं अर्धं लक्ष गॅसच्या बटणाकडे असायचं. तरी घेऊन आलो. दोन्ही खोल्यांच्या फरशीवर पट्ट्या कापून मांडल्या, कारखान्यातल्या वायरिंगचा नकाशा जोडायचो तशा. या टोकाची वायर कुठून आली, त्या टोकाला कुठे जाते. पंखा लावायची सोय नव्हती. घामाघूम होऊन गुडघ्यांवर चालत, ओळीखाली बोट ठेवून, मी तुझं पुस्तक वाचलं. सगळं. रोज दुपारी जोडलेला भाग बाईंकडे न्यायचा आणि त्या तो मशीनवर नीट लावायच्या. कुठे सांधा चुकला असेल तर त्यांना लगेच कळायचं. काका, म्हणायच्या, इथे बाळ जन्माला यायच्या आधीच त्याचं वजन केलंत.

मला माहीत नव्हतं की तू एवढं जाणतेस. हे वाक्य वाचून तू हसशील, पण खरं आहे. मी तुला दवाखान्यातून दमून येताना पाहिलंय, पाय बादलीत सोडून बसलेली पाहिलंय, आत काय करतेस ते पाहिलं नव्हतं. ‘वॉर्डात धावू नये. भराभर चालणाऱ्या नर्सला बघून पेशंटला धीर येतो, धावणारीला बघून बाहेर बसलेले नातेवाईक उठून उभे राहतात.’ हे मी तीनदा वाचलं. ‘बाळ रडलं नाही तर तू रडू नकोस, तुझे हात चालू ठेव.’ हे वाचून खाली बसलो, म्हणजे बसलेलाच होतो, पट्ट्या बाजूला सारल्या. आणि ती ओरडणाऱ्या बाईची गोष्ट, जिने तुझ्या हाताला चावा घेतला होता, आणि तू लिहिलंस की ‘त्या वेळी हात काढून घेऊ नये, तिला धरायला दुसरं काही नसतं.’ तो व्रण मी रोज बघतो. तू मला कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं होतंस, आणि मी ते दार घासून गुळगुळीत केलं होतं. चार पानं मिळाली नाहीत, जुळ्यांच्या प्रकरणातली. बाकी सगळं आहे, तेच सोबतच्या गठ्ठ्यात छापून पाठवलंय. जोडलेल्या फाइलीच्या प्रतीही आता तीन ठिकाणी आहेत, त्यातली एकही माझ्या हाताशी नाही, ही बाईंची अट.

शेवटच्या दिवशी बाईंनी मला ते पाकीट दिलं. म्हणाल्या, या जुन्या प्रोग्राममध्ये असं होतं कधीकधी, माणूस पुसतो पण फाइलीच्या पोटात राहून जातं. ही दोन पानं तुमच्या बाईंनी स्वतः काढून टाकलेली दिसतात. मी दोन ओळी वाचल्या, मग थांबले. पुस्तकात घेतलेली नाहीत, पुढचं तुम्ही बघा. पन्नास लोकांचे कागद रोज हाताखालून जाणारी बाई दोन ओळींवर थांबते, याचं मला फार वाटलं. मी मात्र थांबलो नाही. माफ कर. वाचलं.

धाकटी पहिलीत होती त्या वर्षी तू नर्सिंग ट्यूटरच्या कोर्सचा अर्ज केला होतास. दुसऱ्या गावी वर्षभर राहायचं होतं. एका संध्याकाळी घरी येऊन तू म्हणालीस, यादीत माझं नाव नाही. मी तुझी समजूत काढली. म्हटलं, वशिल्याशिवाय आपल्यासारख्यांना कोण विचारतं. पुढे सगळ्यांना तेच सांगत राहिलो, हिच्यावर अन्याय झाला म्हणून. आता त्या दोन पानांत वाचलं की यादीत तुझं नाव पहिलं होतं, आणि तू मेट्रनच्या टेबलाशी बसून नकार लिहून दिलास. ‘घरी एक माणूस आहे. मला यायला अर्धा तास उशीर झाला तर तो बस थांब्यावर येऊन उभा राहतो, जेवत नाही, मुलींनाही जेवू देत नाही. वर्षभर त्याचं काय होईल.’ आणि खाली, ‘त्याचा राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आला. तीन वर्षं टिकला. मग कधी गेला ते कळलं नाही.’ सिस्टर, त्या संध्याकाळी तुझी समजूत काढून झाल्यावर मला फार शांत वाटलं होतं. मी पोटभर जेवलो होतो. हे तू लिहिलेलं नाहीस, पण तू बघितलं असणार.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. रविवारी फोनवर तू पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचं तिकीट काढल्याचं सांगितलंस, आणि मग धाकटीने फोन घेऊन बोलता बोलता सांगितलं की तिच्या गल्लीपलीकडच्या नर्सिंग स्कूलने तुला वर्षभर मुलींना शिकवायला बोलावलं आहे, आणि आईने घरचं कारण सांगून नाही म्हटलं. घरचं कारण म्हणजे मी, ते मला या वेळी पाकीट न उघडताही कळलं असतं. तिकीट रद्द कर. त्या मुलींना गरम हातांचं सांग, चाव्याचं सांग, जुळ्यांची चार पानं तिथेच बसून पुन्हा लिही. मी एकटा राहू शकेन का ते मला माहीत नाही. पण या एकोणीस दिवसांत घरात आग लागल्यासारखी अवस्था होती, तुला हाक मारायची सोय नव्हती, आणि तरी मी रोज उठलो, काहीतरी शिजवलं, फरशीवर बसून तुझं वाक्य तुझ्या वाक्याला जोडलं. दूध आता उभं राहून तापवतो. ती दोन पानं पुस्तकात परत घालायची की नाही ते तू ठरव. घातलीस तर माझी हरकत नाही, नव्या मुलींना अशाही नवऱ्यांची माहिती असावी. हे सगळं फोनवर सांगायला गेलो असतो तर बोलता बोलताच माझ्या तोंडून निघून गेलं असतं, मग कधी निघतेस. म्हणून लिहून काढलं, आणि पत्र टाकायला आत्ताच निघतो आहे.

तुझाच,
धास्तीराव