सयाजीरावांचे नाव कातरीत सापडले

वाडी, उंब्रजजवळ
एप्रिल १९७४

ती. दाजींस, कृष्णाताचा दंडवत. आक्काचा गुडघा, तुमचा खोकला आणि कवठे महांकाळचे पाणी, तिन्हींची खुशाली कळवावी. इकडे आम्ही ठीक आहोत (हे वाक्य पत्र संपेपर्यंत खरे धरावे).

रंजीच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पोचला. त्याच आठवड्यात वाचनालयाने भिंतीवर लावायला गावाच्या इतिहासावर कविता मागितली. इतिहास तुम्हाला ठाऊकच आहे: आजोबांच्या काळी गोरा साहेब तंबू ठोकून बसला, गावाने सगळ्या कोंबड्या लपवल्या आणि सयाजी पाटलाने त्याला उपाशी परत पाठवले. पण माझे अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही, म्हणून चिटणिसांनी हाताने लिहायला बंदी घातली. मग छापील शब्द कातरून खळीने चिकटवायचे ठरवले. वर्तमानपत्रात साहेब मिळाले, कोंबड्या मिळाल्या, पण भारदस्त शब्द सापडेनात. (खताच्या पिशवीवर असतात, पण ते चिकटत नाहीत.) शेवटी नजर तुमच्या गठ्ठ्याकडे गेली. काय तो सोनेरी टाइप, दाजी! एकच पत्रिका घेतली. कविता अशी झाली:

श्रीकृपेकरून साहेब सहकुटुंब सहपरिवार आले.
कोंबड्या भूमिगत.
सयाजीराव ठाम उभे.
साहेब उपाशी. आहेर स्वीकारला नाही.

(साहेबाला कुटुंब नव्हते, पण सोनेरी शब्द टाकवेना.) आता 'सयाजीराव' कुठून आले ते तुम्ही ओळखले असेल. 'आपले नम्र'च्या खाली तुमच्या चुलतभावाचे नाव होते. कातरलेली पत्रिका मी बाजूला ठेवली होती. आमच्या सौ.ने, काही वाया जाऊ नये या स्वभावाने, तिला कुंकू लावून पाकिटात घातले आणि ती नेमकी इथेच वाडीत राहणाऱ्या सयाजीरावांच्या घरी गेली.

त्यांनी उघडून पाहिली, तर आपल्या नावाच्या जागी खिडकी आणि खिडकीत स्वतःचा अंगठा. सोयरीक जुळवली त्यांनी, मुलाकडचे ओळखतात त्यांना, आणि ते म्हणाले, "आमी न्हाई येत. आन् म्या न्हाई म्हंजी मुलाकडचं बी न्हाईत!" दुसरी शाबूत पत्रिका पुढे केली, तर ते म्हणाले, ही तू आत्ता छापून आणलीस. मामाच्या कातरीने भाचीचे लग्न मोडले, तर मी आक्काला तोंड कसे दाखवणार? हाताला धरून त्यांना वाचनालयात नेले आणि भिंतीपुढे उभे केले. त्यांनी कविता वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. "इतिहासात घेतलंस व्हय रं मला? आदी सांगायचं न्हाई का गड्या!" (तो सयाजी वेगळा, हे सांगायला मी वेडा नाही.)

ते लग्नाला येणार आहेत, तेव्हा काळजी नसावी. आक्काला नमस्कार, रंजीला आशीर्वाद.

आपला मेहुणा,
कृष्णात

ता. क. : त्यांची एक अट आहे. पंगत बसली की ही कविता ते स्वतः लाउडस्पीकरवर वाचणार. तुमचा होकार कळवावा.

ता. क. २ : होकार मी तुमच्या वतीने कालच देऊन टाकला. तुम्ही फक्त व्याह्यांना सगळ्यांच्या आधी वाढा. 'उपाशी' शब्द येईपर्यंत त्यांनी ढेकर दिलेला असावा.