नाडी माझी, उत्तरं तुमची

बाबा, डॉक्टरबाईनं मनगट माझं धरलं होतं आणि बोलत तुम्ही होते. तुमच्याशी भांडायला बसलं की मला पहिलं हेच आठवतं, म्हणून इथूनच सुरू करते. चंद्रपूरला जटपुरा गेटच्या आत, अत्तराच्या दुकानावरच्या माडीवर तिचा दवाखाना होता. दवाखाना कसला, राहतं घरच. समोरच्या खोलीत दोन खाटा, मागे स्वयंपाकघर. तिथं एका स्टोव्हवर डाळ शिजते आणि दुसऱ्यावर कुकरमध्ये सुया उकळतात. चिनी सुया, केसासारख्या बारीक. बाई तीन बोटं माझ्या नाडीवर ठेवून विचारते, "पाळी कशी येते?" तुम्ही सांगता, "टाइमावर येत नाई जी. दोन-दोन, तीन-तीन महिने पत्ता नसते." झोप? "झोपते ना. सकाळी उठवा लागते." पाय थंड पडतात का? इथं तुम्ही जरा अडकले, मग माझ्या पायांकडं नीट पाहून म्हणाले, "नाई." मग ती म्हणाली, जीभ दाखवा. आणि बाबा, तुम्ही खरंच तोंड उघडलं! "भाऊ," ती म्हणाली, "जीभ पोरीची पाहाची आहे, तुमची नाई." मी हसले. तुम्ही त्या दिवशी गडचांदूरला घरी येईस्तोवर माझ्यावर फुगून होते.

सवयच होती तुम्हाला. चुनखडीच्या खाणीत मजुरांच्या वतीनं तुम्ही बोलायचे, विहारात वस्तीच्या वतीनं, आणि कोणाच्या नवरा-बायकोचं फाटलं तर दोघांच्याही वतीनं तुम्हीच. आई लवकर गेली तेव्हापासून माझ्या वतीनंही. मी आठवीतून शाळा सोडली तेव्हा मास्तरला कारणसुद्धा तुम्हीच सांगितलं होतं, आणि ते मला अजून माहीत नाही.

माझं लग्न जिवतीकडं पहाडावर लावलं. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते. मारत नव्हता, पीत नव्हता. पण त्या घरात माझ्याशी बोलायचा एकच विषय होता. माझी पाळी दोन महिने आली नाही की सासूबाईंना वाटायचं, दिवस राहिले. मग लगेच पाण्याचा हंडा माझ्या डोक्यावरून उतरायचा, ताटात अंडं यायचं, कापूस वेचायला जाऊ नको म्हणायच्या. तिसऱ्या महिन्यात दोरीवर फडकं दिसलं की अंडं बंद, हंडा परत डोक्यावर. मला तर पहिल्याच वेळी कळलं होतं की हा बिघाड आहे, बाळ नाही. तरी मी अंडी खाल्ली. त्या अंड्यांचं मला अजूनही काही वाटत नाही, चांगली गावरानी होती. जिवतीची कोंबडी खाली मैदानात मिळतच नाही, पहाड चढून-उतरून तिची तंगडीच वेगळी होते. असो. सरकारी दवाखान्यात सांगितलं, हार्मोन बरोबर नाहीत. गोळ्या दिल्या. गोळी घेतली की पाळी यायची, सोडली की बंद. तीन वर्षं पाहून सासरच्यांनी मला तुमच्याकडं आणून सोडलं, जसं इंजिन दुरुस्तीला टाकतात. "कापूस घरात येईस्तोवर थांबतो," सासरे म्हणाले, "मंग आमी पोराचं दुसरं पाहू." तुम्ही म्हणाले, "दुसरं पाहाची गरज नाई पडत. सुधरवून पाठवतो. माही जबान आहे."

सुयांचं तुम्हाला खाणीवरच्या एका ड्रायव्हरनं सांगितलं. वस्तीत त्याच्यावर केवढी चर्चा झाली! आत्याबाईंनी ठरवून टाकलं की चीन म्हणजे बुद्धाचा मुलूख, म्हणून ही आपल्याच धम्मातली विद्या आहे, पोरीनं जरूर जावं. शेजारचे काका म्हणाले, "चीननं आपल्यावर फौज घातली होती न बे, अन् तू त्याच्याच सुया पोरीले टोचून घेतं?" तुम्ही म्हणाले, "सुई चिनी आहे. टोचनारी आपल्या चांद्याची आहे." लोक हसले. तुमचं हे मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सुया दुखत नव्हत्या. पोटावर, घोट्याच्या वर आतल्या बाजूला, हातावर टोचून ती निघून जायची, डाळीला फोडणी द्यायची, आणि मी पडून राहायची. माझ्यासारखीला एका जागी पडून राहणं म्हणजे शिक्षा, पण तिथं जमायचं. माडीखालून अत्तराचा वास, मागून मोहरीचा. मग एक दिवस तिनं वाळलेल्या पाल्याची जाड कांडी पेटवली आणि तिची नुसती ऊब माझ्या पोटावर धरली. धूर निघाला आणि तुम्ही खुर्चीवरून उठले. "बाई, हे अंगारे-धुपारे आमच्यात चालत नाई. आमी छप्पन सालीच सोडलं ते." ती म्हणाली, "उदी नाई भाऊ, पाला आहे सुकलेला. तुमी बिडी पिता ना? तसाच समजा." तुम्ही जवळ येऊन वास घेतला. "तंबाखू नाई ना याच्यात?" ती वैतागली. "तुमी पायरीवर जाऊन बसा जी. धुराचा तरास होऊन राह्यला तुमाले."

तुम्ही खाली गेले आणि तिनं खाट जवळ ओढली. "आता तू सांग," म्हणाली, आणि सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. पाय थंड पडतात का? पडतात, उन्हाळ्यातही. झोप? लागत नाही, डोळे मिटून पडते म्हणून बाबाला झोपली वाटते. राग येते का? खूप येते. कोणाचा? हे मी सांगितलं नाही. मग ती म्हणाली, "मूल पाहिजे का तुले?" आणि मी दाराकडं पाहिलं, बाबा. तुम्ही उत्तर द्याल म्हणून पाहिलं! दारात कोणी नव्हतं. मी म्हणाले, माहीत नाई. ती म्हणाली, चालते, माहीत नसलं तरी चालते. "मंग जिवतीले जाचं आहे का परत?" हे मला माहीत होतं. हे मला इतकं माहीत होतं की तोंडातून निघाल्यावर मीच दचकले. "नाई." तिनं घोट्यावरची सुई थोडी फिरवली. "मंग हे मले कायले सांगते? बापाले सांग."

सांगितलं. बसमध्येच, राजुऱ्याचा पूल ओलांडताना, म्हणजे नदीवरच. खाली वर्धेत कोणी म्हशी धुवत होतं. तुम्ही हळू आवाजात म्हणाले, "हे त्या बाईनं शिकवलं तुले."

"शिकवलं नाई. तिनं इचारलं."

"मी जबान देली आहे त्यायले."

"जबान तुमची. जाचं मले आहे."

"उद्यापासून सुया बंद," तुम्ही म्हणाले, आता सगळ्या बसला ऐकू जाईल असं. "लोकायच्या पोरींचे भांडणं मिटवतो मी, अन् माह्या घरची पोरगी घरी बसन? काय तोंड दाखवू?" पुढच्या सीटवरची एक बाई, मांडीवर कोंबड्यांची टोपली, वळून म्हणाली, "जाऊ द्या ना जी भाऊ, पोरगी आहे." तुम्ही म्हणाले, "पोरगी आहे म्हणूनच."

हे शब्द मला सोडत नाहीत. कारण बाबा, विहारात दर चौदा एप्रिलला उभे राहून बाईनं कोणाची गुलाम असू नये, असं खणखणीत सांगायचे ते तुम्हीच ना? मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आहेत. खऱ्या समजून वाजवल्या. तुम्ही शिकवलं तेच मी बसमध्ये केलं, आणि तुम्ही खिडकीकडं तोंड केलं.

पुढच्या आठवड्यात मी एकटी चंद्रपूरला गेले, आत्याबाईकडून भाड्याला पैसे घेऊन. त्याच्या पुढच्या आठवड्यात पण. मग पहाड चढून जिवतीला गेले. अंगणात सासूबाई तूर निवडत होत्या. उठल्या, आत कोणाला पाणी आणायला सांगितलं. "सुधरली का वो?" मी म्हणाले, "सुधरली. तरी मी येत नाई. तुमी पोराचं पाहा दुसरं." सासूबाईंचा हात सुपातच राहिला. नवरा दारात आला होता, त्यानं नुसतं कारण विचारलं, "काऊन?" त्यानं मला आयुष्यात विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. उत्तर लांब होतं आणि उतरणीची शेवटची गाडी निघत होती.

तुम्ही मग माझ्याशी बोलणंच सोडलं. पावसाळ्यात तुम्हाला कावीळ झाली. सगळी वस्ती म्हणाली, उतरवणाऱ्याकडं न्या, गळ्यात माळ घाला. तुम्ही ऐकलं नाही. पिवळे झाले, सुकले, पण माळ घालू दिली नाही. मी तुमच्या खाटेशी बसून होते आणि मनात म्हणत होते, हा हट्ट तुम्ही केला तर विचार, आणि मी केला तर बदनामी? सरकारी दवाखान्यात सिस्टर विचारायला आली, ही कोण. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणाले, "पोरगी आहे माही. काई खोट नाई तिच्यात. डोक्यानं खराब आहे फक्त." तेवढंच. तेही माझ्याशी नाही, सिस्टरशी. त्याच रात्री तुम्ही गेले.

त्याला सात-आठ वर्षं होत आली. मी घर सोडलं. तेंदूपत्त्याच्या हंगामात आलापल्ली, मग बांबूच्या डेपोवर मजुरी, सिरोंच्याला एका खानावळीत, तिथं थोडी तेलुगू शिकले. सध्या अहेरीकडं एका आश्रमशाळेत पोरींचा भात शिजवते, किती दिवस ते माहीत नाही, पुन्हा निघायला पाय खाजायला लागलेच आहेत. बसस्टँडवर बाया विचारतात, किती लेकरं? मी म्हणते, नाई. काऊन नाई? मी म्हणते, तुमची गाडी लागली पाहा. मूल पाहिजे की नाही ते मला आजही माहीत नाही. पण माझ्या वतीनं आता कोणी सांगत नाही.

हे पत्र आत्याबाईला दाखवणार नाही. ती म्हणेल, पाह्य, बाप बरोबर होता. तुम्ही बरोबर नव्हते, बाबा. मरताना सिस्टरला तुम्ही माझ्यात काही खोट नाही म्हणाले, तेही बरोबर नव्हतं. सुयांनी माझं काही सुधरलं नाही. एक महिना वेळेवर आली, मग पुन्हा तशीच, अजूनही तशीच. जिवतीच्या अंगणात उभी होते तेव्हा दुसरा महिना कोरडा चालला होता. तुमच्या हिशेबानं मी बिघडलेलीच होते, आणि तशीच जाऊन त्यांना ‘नाही’ म्हणून आले.