तुझ्या दारासमोरचं झाड

मंगळवार, २३ जानेवारी, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. शेगडीपाशी बसून मोजा शिवत होतो.

प्रिय हिल्मा,

सरोवर गोठलं! "बर्फावरून चालत ये, मग लग्नाचं उत्तर देते," असं तू म्हणालीस आणि नंतरचे दोन्ही हिवाळे पाणी गोठलंच नाही. पण या आठवड्याच्या थंडीने कमाल केली. काल भोक पाडून पाहिलं, तर बर्फ चांगला फूटभर जाड! नाताळची टाकून दिलेली झाडं खुणेसाठी बर्फात रोवत आम्ही थेट तुमच्या बेटापर्यंत रस्ता आखला. शेवटचं झाड तुझ्या दारासमोर मीच रोवलं आणि परत फिरलो.

मुकादम ऊर्होकाका ओरडले, "अरे गाढवा, दार तरी वाजव!"

"काका, मोज्याला भोक आहे. दारात बूट काढावे लागतील."

"ती मोज्याशी लग्न करणार आहे का?"

मोजा आता शिवून झाला. टपाल उद्या निघेल, मी आत्ताच निघतोय. हे पत्र खिशातच राहू दे.

तुझाच,
आर्वो

खर्च: लोकर, एक डॉलर.
देणं: तू हो म्हणालीस, तर पैजेचे पाच डॉलर ऊर्होकाकांना. नोट काढून ठेवली आहे.