बिनमिठाचं ताट

३ फेब्रुवारी
पोचले. बोटीत निम्मे प्रवासी पिशवीत तोंड घालून बसले होते. मी माझा मासा-पाव संपवला आणि शेजारणीचाही संपवला, तिला तो नकोच होता. धक्क्यावर जोसेला उभी. माझी लेक. दोन वर्षांनी भेटलो आणि पहिल्याच मिनिटाला भांडण : एवढ्या जड पिशव्या कशाला आणल्यास? मी म्हटलं, तुझ्याकडच्या सुऱ्यांनी लोणीसुद्धा कापत नाही म्हणून. मग गळ्यात पडली. आमच्याकडे क्रम हाच.

तिने आणि नवऱ्याने, ग्लेनरॉयने, कॅरियाकू बेटाच्या या टोकाला डायव्हिंगचं हॉटेल काढलंय. नाव ‘ग्लेनजो’. कपडे धुवायची पावडर वाटते, पण ते मी अजून बोलले नाही. पहिला दिवस आहे. सहा खोल्या, सहा पंखे, त्यातले चार फिरतात. गरम पाणी फक्त दुपारी, कारण टाकी उन्हात आहे. जाहिरातीत याला ‘सौर ऊर्जा’ म्हटलंय. पाहुणे म्हणजे स्वस्तात समुद्राचा तळ बघायला निघालेली मंडळी : कॅनडाची दोन पोरं, एक जर्मन जोडपं, आणि लेमन्स नावाचा बेल्जियमचा दातांचा डॉक्टर. हा न्याहारीचा पाव दुपारसाठी रुमालात बांधून नेतो. सेंट जॉर्जेसमध्ये सव्वीस वर्षं सरकारी कॅन्टीन चालवलंय मी, रुमाल मला लांबूनच ओळखू येतात.

स्वयंपाक मी बघायचा असं ठरलंय. पोहायला येत नाही अशी या घरात मी एकटीच. खिडकीतून समुद्र छान दिसतो.

६ फेब्रुवारी
स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून कॉम्प्रेसर. ग्लेनरॉय त्यावर डायव्हिंगचे सिलिंडर भरतो तेव्हा माझ्या बशा नाचतात. जोसेलाने न विचारताच सगळं शिकवलं. घड्याळासारखा काटा असतो, तो लाल पट्ट्यात गेला की हवा संपत आली, वर यायचं. पाण्यात नेहमी जोडीने जायचं. प्रत्येकाच्या अंगावर एक जादा तोंडनळी लटकते, दुसऱ्याची हवा संपली तर त्याला द्यायला. मी म्हटलं, ही सोय लग्नातही हवी होती. ग्लेनरॉय हसला नाही.

मंगळवारची बुडी सर्वांत जास्त खपते. मागच्या वादळाने गावाच्या जुन्या कब्रस्तानाचा अर्धा काठ समुद्रात ओढून नेला. थडग्यांचे दगड तळाशी आडवेतिडवे पडलेत, नावं अजून वाचता येतात म्हणे. ग्लेनरॉयने फळ्यावर लिहिलंय : ‘बुडालेलं कब्रस्तान. मासे भरपूर.’ शेजारी त्याची आत्या राहते, तांत सेलिस्तीन. तिला हे मुळीच पसंत नाही. त्याला म्हणाली, तुझा बाप त्यात नाही म्हणून बरं, नाहीतर त्याच्यावरही तिकीट लावलं असतंस मेल्या.

१० फेब्रुवारी
तांतच्या हट्टापुढे ग्लेनरॉय नमला. मेलेल्यांना ताट वाढायचं. हॉटेल उघडलं तेव्हाच वाढायला हवं होतं, ते राहिलं होतं. पण जावई माझा आहे. त्याने त्याचाही कार्यक्रम केला. काल रात्री ढोलवाले आले, पाहुण्यांना जेवण, फोटो. ताट एका खोलीत, पांढऱ्या कापडावर, दार लोटून. मक्याच्या पिठाचं घोटलेलं कूकू, तुरीचे दाणे, भाजलेला मासा, आणि सगळं बिनमिठाचं, कारण मेलेल्यांचं तसंच असतं. तांतने उभं राहून शिजवून घेतलं. पाहुण्यांनाही त्याच पातेल्यातून. जर्मन बाईने एक घास घेतला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, की तुमच्याकडे जेवण नेहमी असंच असतं का.

माझ्या जेवणाला आजवर कुणी फिकं म्हटलेलं नाही. आत गेले आणि पातेल्यात मूठभर मीठ टाकलं. मग दारामागच्या ताटातही टाकलं. अर्धवट काम मला जमत नाही.

आज सकाळी तांतने ताट पाहिलं. एक दाणा हललेला नाही. मुंग्यासुद्धा नाहीत. तिने बोट लावून चाखलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, अर्डीन, मीठ कुणाला चारलंस तू? मीठ पोटात गेलं की अंग जड होतं, जिथून गुलाम करून आणलं त्या आफ्रिकेला परत उडून जाता येत नाही. आधीच बिचारे खाऱ्या पाण्यात पडलेत, त्यात तुझं हे. मी म्हटलं, दोनशे वर्षांत उडाले नाहीत ते आता कुठे उडणार? जोसेला हसत म्हणाली, तांत, उद्या मंगळवारच आहे, मी खाली जाऊन मॅमीच्या वतीने माफी मागून येते. आणि न्याहारीच्या पातेल्यातला खारवलेला मासा बोटांनी उचलून तोंडात टाकला. लहानपणापासूनची खोड.

११ फेब्रुवारी
जोसेला पाहुण्यांनंतर बऱ्याच वेळाने वर आली. होडीत बसून ग्लेनरॉय शिव्या देऊन दमला होता. तिने सांगितलं, जरा थांबले होते. एवढंच.

दुपारी खारवलेल्या माशाचा एक घास खाऊन तिने ताट सारलं. खारट आहे म्हणाली. ही जोसेला! कैरी खायची ती मिठासाठी. ऊन लागलं असेल.

१४ फेब्रुवारी
मीठ निम्मं केलं, तरी खारट. चिमूटभर घातलं, तरी खारट. आज नुसत्या पाण्यात नीरफणस उकडून दिला, तो तिने मान खाली घालून सगळा खाल्ला आणि थँक यू म्हणाली. माझी मुलगी, मला, थँक यू.

ग्लेनरॉय खूश आहे. म्हणतो, मॅमी, मंगळवारपासून एकदाही भांडली नाही, तुमचा पायगुण. पाण्याखाली तर कमालच म्हणे. हिचा काटा भरलेल्या सिलिंडरच्या जागेवरून हलतच नाही. हवा न लागणारा गाइड कुणाला मिळतो?

पाहुण्यांचं मात्र उलटं. कब्रस्तानात आता रोज नेतात, आणि तिथे सगळ्यांचे काटे धाडकन खाली येतात. तेही एका मोठ्या दगडाजवळून जाताना. सिलिंडर गळतात म्हणून कॅनडाच्या पोरांनी तक्रार केली. ग्लेनरॉयने एकेक सिलिंडर साबणाच्या पाण्याने तपासला. एक बुडबुडा नाही.

१६ फेब्रुवारी
समुद्रातून येऊन उन्हात वाळलं की प्रत्येकाच्या भुवयांवर मिठाची पांढरी कणी धरते. जोसेलाच्या नाही. जवळ बोलावून तिच्या कपाळाचा मुका घेतला.

चव नव्हती. घामाची नाही, समुद्राची नाही. पावसाच्या साठवलेल्या पाण्यासारखी.

ग्लेनरॉयला सांगितलं. म्हणाला, वयाने जीभ जाते मॅमी. माझी जीभ जायला अजून अवकाश आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक!

१७ फेब्रुवारी
तांत आली. अनोळखी पोराला म्हातारी माणसं विचारतात तसं तिने जोसेलाला विचारलं, तू कुणाची गं? रोज दिसणाऱ्या पोरीला. आणि तिने नीट, अदबीने उत्तर दिलं : मिस लुएलाची धाकटी.

मी तिथेच उभी होते. माझं नाव अर्डीन आहे.

तांत बसलीच नाही. फाटकाबाहेर माझा हात धरून म्हणाली, त्या घराण्यातलं आता कुणी उरलं नाही गं, खालचा मोठा दगड लुएलाचाच. मग म्हणाली, बिघडलेलं ताट पुन्हा वाढू. ते जेवतील आणि जातील, आणि पोर ताळ्यावर येईल.

वाढलं. मिठाचा कण नाही. दार लोटायचीही वेळ आली नाही. ती आली, खुर्ची ओढून बसली आणि भरदुपारी आमच्या दोघींसमोर ताट चाटूनपुसून खाल्लं. आणखी आहे का, विचारलं. मग आपल्या खोलीत गेली.

तांत रडायला लागली. तिच्याकडे उपाय तेवढाच होता.

१८ फेब्रुवारी
डॉक्टर लेमन्स स्वयंपाकघरात आला. मला वाटलं पाव मागायला. चेहरा पिठासारखा. त्या दगडापाशी कुणीतरी त्याच्या अंगावरची जादा तोंडनळी काढून घेतली, खोल श्वास घेतले, आणि नळी परत जागेवर अडकवली. पाणी गढूळ होतं, फक्त हात दिसला. त्याला वाटलं जोसेला. पण जोसेला पुढे होती, सगळ्यांना दिसत होती.

त्याने नळीचं रबर दाखवलं. करकचून चावलेलं. म्हणाला, माझा धंदाच हा आहे, बाई; बघा, चावणाऱ्याचा वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे.

जोसेलाचा वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. शाळेत असताना सोड्याची बाटली दातांनी उघडायची पैज लावली होती तिने. जिंकली होती.

संध्याकाळी मुद्दाम त्या दुसरीला हसवलं. दात अख्खे. सगळे.

माझी पोर खाली आहे. तिला त्यांनी धरून ठेवलंय, आणि ती लोकांच्या हवेतून घोट घोट घेऊन जगते आहे. मधल्या वेळात कशी जगते, देव जाणे. पण चावते आहे. जोरात चावते आहे.

२० फेब्रुवारी
कॅनडाच्या पोरांनी नेटवर लिहिलं, सिलिंडर धोकादायक. पाहुणे गेले. ग्लेनरॉयने फळा पुसला. कब्रस्तान बंद.

बंद म्हणजे खाली हवा नाही.

त्याच्यापुढे गुडघे टेकले. रोज ने म्हटलं, फुकट ने, कुणालाही ने. सगळं सांगितलं. रबर दाखवलं. तो खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, मॅमी, ती बघा तुमची मुलगी, कपडे वाळत घालते आहे.

घालत होती. चिमटे एका ओळीत, अगदी सारख्या अंतरावर. जोसेलाने कधी —

२१ फेब्रुवारी
पोहता येत नाही, वल्हवता येतं. छोटी होडी त्या दगडाच्या वर नेली. भरलेला सिलिंडर नळीसकट दोरीने सोडला. दोरी ताठ झाली. मग हिसका. पुन्हा हिसका. जिवंत माणसाचा.

वर ओढला. काटा शून्यावर. रबरावर तोच तुटका दात.

किनाऱ्यावर ती उभी होती. हात हलवत होती.

२२ फेब्रुवारी
ग्लेनरॉयला कळलं. डोक्यावर परिणाम झालाय म्हणतो माझ्या. कॉम्प्रेसरचा पट्टा काढून घेतला, सेंट जॉर्जेसला गेला — डॉक्टर आणायला. शेवटचे दोन सिलिंडर सकाळीच सोडले. दोरी तिथेच, पाण्यातल्या खुणेच्या खांबाला बांधून ठेवली आहे. आता भरलेलं काही —

एक आहे. तिचा. जो कधी संपत नाही.

२३ फेब्रुवारी
मागितला. लगेच हो म्हणाली. फक्त दोरीने नको म्हणते. ती दमली आहे मॅमी, नळी तोंडाशी न्यायला तिचा हात उचलत नाही. तुलाच जावं लागेल. मी तुझी जोडीदार.

‘ती’ म्हणाली. माझ्या तोंडावर. लपवायचंही सोडलंय.

मग वर कोण येणार, विचारलं. वल्ही उचलून पुढे झाली.

होडीत आहे. वल्ही तिने मारली. पट्टे तिनेच आवळले, श्वास कोंडतो आहे. वही होडीत राहील. ग्लेनरॉय, जी कुणी वर येईल — आधी तिचं कपाळ चाखून बघ, मग घरात —

मागे सिलिंडरच्या चावीवर तिचा हात आहे. फिरवते आहे. उघडायची बाजू कुठली, विचारलं. म्हणाली, ते जोडीदाराने बघायचं असतं, मॅमी, तू नाही.

खांबाची दोरी हलली. अगदी हलकी.

आले गं. आले.

नळी तोंडात धरली. पहिला श्वास आला. दुसरा